देवाच्या दारी सोडलेला जीव

॥ श्री ॥

पन्हाळगडाच्या प्राचीन नावांपैकी 'पन्नगालय' हे एक नाव होय. पन्नग म्हणजे सर्प आणि आलय म्हणजे निवासस्थान. करवीर क्षेत्राच्या माहात्म्यपरंपरेत या गडाचा संबंध पराशर ऋषींच्या तपश्चर्येशी आणि येथे वास करणाऱ्या नागांशी जोडलेला आहे. पराशरांच्या नावाची गुहा आजही गडावर दाखविली जाते. तटबंदी, बुरूज, अंबरखाना, अंधारबाव ही सर्व बांधकामे पुष्कळ नंतरच्या काळातील आहेत. त्यांच्याही आधी ही भूमी मुक्या जीवांचे घर म्हणून ओळखली गेली आणि तेथे तपासाठी आलेले ऋषी हे त्या घरचे पाहुणे ठरले. गडावर दर्शनास येणाऱ्या भाविकाने पहिली पायरी चढताना एवढे स्मरण ठेवावे की, या स्थानी मनुष्य मागाहून आला आहे.

आपल्या दैवतांकडे पाहिले तरी हाच बोध होतो. समोरच्या डोंगरावर वाडी रत्नागिरी येथे विराजमान असलेल्या श्री जोतिबाचे वाहन अश्व आहे. करवीरनिवासिनी श्री अंबाबाईचे वाहन सिंह आहे. नृसिंहवाडीच्या श्री दत्तात्रेयांच्या पाठीशी गाय उभी असते आणि पायाशी श्वान बसलेले असतात. शिवमंदिरात प्रथम नंदीला स्पर्श करून मगच गाभाऱ्याकडे वळण्याची आपली रीत आहे. देव एकटा कोठेही राहत नाही; एखादा प्राणी त्याच्या सान्निध्यात असतोच. मग देवासाठी इतक्या दूरवर येणाऱ्या मनुष्याने त्या प्राण्याशी कसे वागावे, हा प्रश्न भक्तीच्या बाहेरचा मानता येणार नाही.

कावडीतील गंगा

संत एकनाथ महाराजांच्या चरित्रातील एक प्रसंग महाराष्ट्रातील लहान मुलासही ठाऊक आहे. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराच्या अभिषेकासाठी नेली जात होती. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत पडले होते. नाथांनी कावडीतील गंगाजल त्या गाढवाच्या मुखी घातले. रामेश्वर अद्याप दूर होता, तरी नाथांच्या दृष्टीने अभिषेक पूर्ण झाला होता.

या कथेत गाढवावर दया केली, एवढेच आपण सांगतो. परंतु त्या पाण्याचे मोल काय होते याचा विचार करीत नाही. ते पाणी नाथांच्या पिण्यातील उरलेले पाणी नव्हते. शेकडो कोस पायपीट करून, खांद्याला घट्टे पाडून आणलेले ते देवाचे पाणी होते. देवाच्या नावाने राखून ठेवलेली वस्तू एका मुक्या जीवाला द्यावयाची की नाही, असा प्रसंग नाथांसमोर उभा राहिला आणि त्यांना निर्णयास क्षणही लागला नाही. देवाचे ते जीवाला दिले की देवाला पोहोचते, हा त्या प्रसंगाचा अर्थ आहे.

आपण मात्र पुष्कळदा याच्या अगदी उलट करतो. जीवाचे जे आहे ते आपण देवाच्या नावाने काढून घेतो. त्याचे रान, त्याचा कळप, त्याचे चालणे-फिरणे, त्याच्या वाट्याचे आईचे दूध आपण काढून घेतो आणि त्या जीवाला देवाच्या दारी बांधून 'अर्पण केले' असे म्हणतो. देव अशा अर्पणाने संतुष्ट होतो काय, याचा विचार प्रत्येक भाविकाने आपल्या मनाशी करावयास हवा.

सुंदर नावाचा हत्ती

हा विचार करण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सन २००७ मध्ये 'सुंदर' नावाचा एक हत्ती श्री जोतिबा देवस्थानास अर्पण करण्यात आला. त्या वेळी तो पुरता वयातही आलेला नव्हता. देवाच्या लवाजम्यात हत्ती असावा, पालखीला शोभा यावी, ही त्यामागील भावना होती आणि तीत कोणासही वावगे वाटले नाही. हजारो भाविकांनी सुंदरला हात जोडले, त्याच्या सोंडेत नाणी दिली, त्याच्यासोबत आपल्या मुलांची छायाचित्रे घेतली.

पुढे या हत्तीला आखूड साखळदंडांनी जखडून ठेवले जाते व मारहाण होते, अशा तक्रारी पुढे आल्या. सन २०१२ मध्ये राज्य शासनाने त्याला मुक्त करण्याचा आदेश दिला. परंतु त्याचा मुक्काम केवळ डोंगरावरून खाली, याच पन्हाळा तालुक्यातील वारणानगर येथील एका शेडमध्ये हलला. प्राणिमित्रांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने त्याच्या सुटकेचा निर्णय दिला, सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला आणि जून २०१४ मध्ये सुंदरला बंगळूरनजीकच्या बन्नेरघट्टा उद्यानात नेण्यात आले. तेथे त्याला झाडी, पाणी व इतर हत्तींची सोबत मिळाली.

ही हकीकत कोणा एका व्यक्तीस दोष देण्यासाठी येथे सांगितलेली नाही. सुंदरच्या पायातील साखळी आपणा सर्वांना दिसत होती. ती हजारो दर्शनार्थींच्या डोळ्यांसमोर होती. तिच्याकडे पाहूनही ती खटकली नाही, कारण हत्ती 'देवाचा' होता. देवाचा म्हटल्यावर त्याचे दुःख विचारण्याचे कारण उरत नाही, अशी आपली समजूत झाली होती.

हत्तीची गरज काय असते, हे अर्पण करण्यापूर्वी जाणून घ्यावयास हवे होते. पूर्ण वाढलेल्या हत्तीला दिवसाकाठी सुमारे दीडशे किलो चारा आणि शंभर लिटरहून अधिक पाणी लागते. रानात तो दिवसाचा बहुतेक काळ चरत व चालत असतो. त्याचे पाऊल मऊ मातीसाठी घडलेले आहे. सिमेंटच्या कोब्यावर, मलमूत्राच्या ओलीत वर्षानुवर्षे उभे राहिल्यास तळवे कुजतात व नखे फुटतात. हत्तिणी व पिले जन्मभर कळपाने राहतात. पिलू बावीस महिने आईच्या उदरात असते आणि पुढे कित्येक वर्षे तिच्या सावलीत वाढते. अशा प्राण्याला एकट्याने खुंट्याला बांधणे म्हणजे त्याला जन्मभर परक्या गावी कोंडून ठेवणे होय.

श्रीमद्भागवतात गजेंद्रमोक्षाची कथा आहे. मगरीने पाय धरलेल्या हत्तीची हाक ऐकून श्रीविष्णू गरुडावरून धावून आले आणि त्यांनी त्याचा पाय सोडविला. ही कथा आपण श्रद्धेने श्रवण करतो. ज्या देवाने हत्तीचा पाय सोडविला, त्या देवाच्या दारात आपण हत्तीचा पाय बांधतो, ही विसंगती मात्र आपल्या लक्षात येत नाही.

प्रेम आणि गरज

सन २०२५ मध्ये याच कोल्हापूर जिल्ह्याला पुन्हा एकदा या प्रश्नाने हेलावून सोडले. शिरोळ तालुक्यातील नांदणी येथील जैन मठात १९९२ पासून असलेली 'महादेवी' ऊर्फ 'माधुरी' ही हत्तीण जुलै २०२५ मध्ये उच्च व सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर गुजरातेतील जामनगर येथील वनतारा केंद्रात पाठविण्यात आली. तिचे आरोग्य व तिचा एकाकीपणा हे त्या निर्णयामागील कारण होते. तिला निरोप देताना गावच्या गाव रडले. हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी चालत आले. पुढे तिच्यासाठी नांदणी परिसरातच योग्य सोयींचे केंद्र उभारण्याचा विचारही मांडला गेला.

त्या अश्रूंविषयी शंका घेण्याचे कोणालाही कारण नाही. तीन दशके ज्या हत्तिणीला घरच्या माणसाप्रमाणे मानले, ती डोळ्यांआड होताना काळीज हलणारच. तरीही शांत चित्ताने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपले एखाद्या जीवावर प्रेम असणे आणि त्या जीवाची गरज भागणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. आपण प्रेमाने गूळ भरवतो, तेव्हा हत्तिणीला कदाचित चालावयाचे असते. आपण तिच्या मस्तकावर झूल घालतो, तेव्हा तिला कदाचित दुसऱ्या हत्तिणीची सोबत हवी असते. तिला बोलता येत नाही, म्हणून आपण आपले प्रेम हेच तिचे सुख असे ठरवून टाकतो. आईसुद्धा बाळ का रडते ते आधी पाहते आणि मग त्याला दूध पाजते. तेवढी चौकशी भक्तानेही करावी.

आणि जे हत्तीच्या बाबतीत खरे आहे, ते नागाच्याही बाबतीत खरे आहे. नागपंचमीस जिवंत नागापुढे दुधाची वाटी ठेवली जाते. नाग हा उंदीर-बेडकांवर जगणारा प्राणी आहे. दूध हे त्याचे अन्न नव्हे. टोपलीत तहानलेला ठेवल्यामुळेच तो समोर आलेल्या दुधास तोंड लावतो, आणि ते त्यास बाधते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील नागपंचमीत जिवंत नाग पकडण्यावर व त्यांच्या मिरवणुकीवर न्यायालयाने निर्बंध घातले, तेव्हा तेथील श्रद्धावंतांना क्लेश झाले. परंतु महाराष्ट्रातील घरोघरी आयाबहिणी पाटावर गंधाने नाग रेखून अथवा मातीचा नाग मांडून पूजा करीतच आल्या आहेत. त्या पूजेत कसलीही न्यूनता कोणी कधी मानली नाही. ज्या गडाचे नावच पन्नगालय आहे, तेथे नाग आपल्या बिळात सुखाने असणे हीच नागपूजा समजावी.

गोठ्यातील परीक्षा

हत्ती आणि नाग यांच्याविषयी बोलणे सोपे आहे, कारण ते आपल्या घरी नसतात. खरी परीक्षा घरच्या गोठ्यात होते.

पन्हाळा तालुका आणि सारे वारणा खोरे दुधासाठी प्रसिद्ध आहे. घरोघरी म्हैस आहे, आणि सकाळ-संध्याकाळ डेअरीला जाणाऱ्या दुधावर मुलांची शिक्षणे झाली आहेत. हे कष्टाचे व मानाचे जीवन आहे. परंतु म्हैस व्याली आणि रेडी झाली तर तिला दूध पाजले जाते. रेडकू नर निघाले तर अनेक गोठ्यांत त्याच्या वाट्याला पान्हा सुटण्यापुरते आचळ येते. ते खंगत जाते आणि काही दिवसांत मरते. त्याला कोणी मारीत नाही. ते केवळ जगविले जात नाही. ज्ञानेश्वर माउलींनी पैठण येथे रेड्याच्या मुखातून वेद वदविले, ही कथा कीर्तनात ऐकून ज्याचे डोळे पाणावतात, त्याच घरी रेडकू उपाशी निजत असेल, तर ऐकलेले कीर्तन उंबऱ्याबाहेरच राहिले असे म्हणावे लागेल.

संकरित गाईच्या खोंडाचीही हीच गत आहे. शेतीत ट्रॅक्टर आला. वशिंड नसलेल्या खोंडाच्या मानेवर जू नीट बसत नाही. आणि सन २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी लागू असल्याने त्याची विक्रीही अवघड झाली. पाच गुंठे वैरणीवर दोन दुभती जनावरे सांभाळणाऱ्या शेतकऱ्यास बिनकामाचे तिसरे तोंड पोसणे किती जड जाते, हे गावात राहणारा प्रत्येकजण जाणतो. त्याची ही अडचण खोटी नाही. अशा वेळी 'देवाला सोडतो' हा विचार मनात येतो. खोंडाच्या कपाळी कुंकू लावले जाते, गळ्यात हार घातला जातो आणि त्याला एखाद्या देवळाच्या आवारात सोडून माणूस नमस्कार करून मागे न पाहता निघून जातो.

नमस्कार करणाऱ्याच्या मनात त्या क्षणी पुण्याचा भाव असतो. पण दुसऱ्या दिवशी ते जनावर काय खाते? प्रसादाच्या प्लॅस्टिक पिशव्या, नारळाच्या शेंड्या, शिळे अन्न. पोटात प्लॅस्टिकचा गोळा साठून ते फुगते. रात्री घाटरस्त्यावर वाहनाखाली येते. लोकांच्या उभ्या पिकात शिरते आणि काठ्या खाते. ज्याने सोडले त्याच्या डोळ्यांना यातील काहीच दिसत नाही. भार होता तो त्याने उतरविला, आणि त्यास अर्पण असे नाव दिले.

दानाचा नियम आपल्या धर्मात फार स्पष्ट आहे. जे आपल्याला नको झाले ते दान होत नाही. दान केलेल्या गाईची पुढील व्यवस्था लागेल की नाही, हे पाहूनच ती सत्पात्री द्यावयाची असते. म्हणून जिवंत प्राणी देवास वाहण्यापूर्वी भाविकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. हा जीव जितकी वर्षे जगेल तितकी वर्षे त्याच्या चाऱ्या-पाण्याचा भार कोण वाहणार? तो आजारी पडल्यास त्याच्याजवळ कोण बसणार? आणि मी त्याला देवाला देत आहे, की माझ्यापासून दूर करीत आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या कोणास सांगावे लागत नाही. परंतु ते उत्तर देव जाणतो.

मग नवस बोललेल्या शेतकऱ्याने काय करावे? समजा, घरची गाय आजारातून उठली तर तिचे पहिले वासरू देवाला वाहीन, असा नवस एखाद्याने केला आहे आणि गाईला खोंड झाला आहे. नवस मोडू नये, हे खरेच. त्याने खोंडास देवाचा म्हणावे, त्याच्या कपाळी अंगारा लावावा आणि त्याला आपल्याच गोठ्यात देवाचा पाहुणा म्हणून सांभाळावे. रोज सकाळी त्याच्यापुढे टाकलेली वैरण हाच त्या नवसाचा नैवेद्य होय. हे व्रत देवळाच्या दारात दोरी सोडून जाण्यापेक्षा कठीण आहे. त्यासाठी शक्ती अपुरी पडत असेल, तर शेजारी, भाऊबंद, गावची तालीम, भजनी मंडळ यांनी मिळून एकेका महिन्याची वैरण उचलावी. एका गावाने मिळून एक जनावर जगविणे हेही सप्ताहाइतकेच पुण्यकर्म आहे.

छत्रपतींची शिकवण

हा विचार या मातीस नवा नाही. श्री शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणनजीक छावणीस असलेल्या लष्करातील अधिकाऱ्यांना धाडलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आताच मनमानेल तशी उधळली, तर पुढे ती मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे त्यात बजावले आहे. रात्री दिव्याची वात उंदराने ओढून नेल्यास गवताला आग लागेल, इथपर्यंत सावधगिरी त्यात सांगितली आहे.

या पत्रातील धर्म समजून घेण्यासारखा आहे. घोड्यावर कोणी शस्त्र उगारले नव्हते. केवळ निष्काळजीपणाने वैरण संपणार होती. तरीही त्या मृत्यूचा दोष निष्काळजी माणसाच्या माथी येतो, असे राजाने ठरविले. आजचा कायदाही तेच सांगतो. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार, उपासमार व तहान यांनी हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. सन १९७६ मध्ये राज्यघटनेत समाविष्ट झालेल्या कलम ५१-क ने प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. राजाज्ञा, कायदा आणि संतवचन हे तिन्ही जेथे एकच गोष्ट सांगतात, तेथे रूढीची सबब पुढे करता येत नाही.

यात्रेकरूंनी ध्यानी घ्यावे

गडावर व परिसरातील क्षेत्री येणाऱ्या भाविकांनी पुढील गोष्टींचे पालन करावे, ही नम्र विनंती.

कोणतेही जिवंत जनावर वा पक्षी देवळाच्या आवारात सोडू नये. जनावरासाठी काही अर्पण करावयाचे असल्यास गावातील वा गोशाळेतील जनावरांना वैरण द्यावी, पशुवैद्याचा खर्च उचलावा, उन्हाळ्यात वाटेवर पाण्याची कुंडी भरून ठेवावी.

चैत्र यात्रेच्या काळात ऊन कडक असते. बैलगाडीने अथवा घोड्यांसह येणाऱ्यांनी दुपारचा प्रवास टाळावा. तापमान ३७ अंशांहून अधिक असता दुपारी १२ ते ३ या वेळेत ओझ्याची जनावरे चालवू नयेत, सलग पाच तासांहून अधिक व दिवसभरात नऊ तासांहून अधिक काम त्यांच्याकडून घेऊ नये, असा १९६५ पासून नियम आहे. चढावर बैल थांबला तर माणसांनी खाली उतरावे.

बेंदराच्या निमित्ताने आपण बैलांची खांदेमळणी करतो, त्यांना विश्रांती व पुरणपोळी देतो. हा भाव वर्षाच्या उरलेल्या दिवसांतही काही अंशी राहावा. जुवाने सोललेल्या खांद्यावर पुन्हा जू ठेवू नये.

गुलाल उधळताना तो जनावरांच्या डोळ्यांत व नाकपुड्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी. प्रसाद व नारळ कापडी पिशवीतून आणावेत. प्लॅस्टिकची पिशवी परत घरी न्यावी. गडाच्या झाडीतील माकडांना व अन्य रानजीवांना खाद्य टाकू नये. सर्प दिसल्यास मारू नये, दूर उभे राहून त्यास वाट द्यावी.

दर्शनाचे फळ

महाभारताच्या अखेरीस धर्मराज युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी पोहोचले, तेव्हा त्यांच्यासोबत एक श्वान होता. श्वानास आत प्रवेश नाही, असे त्यांना सांगण्यात आले. आश्रयास आलेल्या जीवाला टाकून मिळणारा स्वर्ग धर्मराजांनी नाकारला. त्यांची शेवटची परीक्षा त्या कुत्र्याच्या निमित्ताने झाली.

प्रत्येक भाविकाची परीक्षाही अशाच एखाद्या मुक्या जीवाच्या रूपाने त्याच्या दारी उभी असते. कधी ती रेडकू होऊन येते, कधी म्हाताऱ्या बैलाच्या रूपाने, कधी वाटेतल्या तहानलेल्या गाढवाच्या रूपाने. गडावरील दर्शन आटोपून भाविक संध्याकाळी घरी परततो. देवघरात प्रसाद ठेवण्यापूर्वी त्याने एकदा गोठ्यात जाऊन यावे. दावणीला पाणी आहे काय, दावे मानेला काचते काय, रेडकाच्या पोटात दूध गेले काय, एवढे पाहावे. मग देवापुढे हात जोडावेत. यात्रेची सांगता तेथे होते.

जोतिबाच्या नावानं चांगभलं!

॥ शुभं भवतु ॥